धंदेशिक्षण आणि नट : न्यूयॉर्कच्या एका कलाशाळेचा इतिहास

१

कलाशिक्षण देणाऱ्या माध्यमिक शाळांचा इतिहास सांगताना त्यांच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी पुढे करण्याचा प्रघात आहे. यादी लांबलचक असली, म्हणजे शाळेचे कार्य सिद्ध झाले असे मानले जाते. परंतु हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. ज्या शाळेत कसोटी घेऊन मुले निवडली जातात, तिच्यातून गुणी मुले बाहेर पडली, तर त्यांतील किती श्रेय निवडीचे व किती शिक्षणाचे, हे नुसत्या यादीवरून ठरविता येत नाही. शिवाय या याद्यांत जी नावे अभिमानाने मिरविली जातात, त्यांतील काहींनी ती शाळा अर्ध्यावरच सोडलेली असते. तेव्हा शाळेने नटाच्या आयुष्याला कोणते वळण दिले, हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावयास हवा. ती शाळा कोणत्या गरजेतून निघाली, तिने मुलाच्या दिवसाची विभागणी कशी केली, त्याला कोणाच्या हाताखाली दिले आणि त्याच्या वाणीचे काय केले, हे पाहिल्यानंतरच परिणामांविषयी काही बोलता येईल.

या दृष्टीने न्यूयॉर्क शहरातील ‘हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ या सरकारी, विनाशुल्क शाळेचा इतिहास बोधप्रद आहे. ही शाळा ललित कलांच्या पुरस्कारातून निघाली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती धंदेशिक्षणाच्या चळवळीतून जन्मास आली. तिचे गुण आणि तिच्यातील ताण, हे दोन्ही या उगमाशी निगडित आहेत, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर वावरणारी मुले हा प्रथम शिक्षणाचा प्रश्न नव्हता. तो बालसंरक्षणाचा प्रश्न होता. १८७४-७५ मध्ये बालकांना क्रौर्यापासून वाचविण्यासाठी जी संस्था त्या शहरात स्थापन झाली, तिने पुढील काळात नाटकगृहांतील मुलांच्या कामावर कायद्याने बंधने यावीत म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. रंगमंच हा मुलाला बिघडविणारा व राबविणारा धंदा आहे, ही त्यामागील भूमिका होती. नाटकवाल्यांची बाजू अर्थातच निराळी होती. त्यांच्या मते हीच मुलाची उमेदवारी होती, आणि ती लहानपणी झाली नाही तर पुढे होत नाही.

या दोन भूमिकांत पहिली व्यावहारिक तडजोड १९१४ मध्ये झाली. त्या वर्षी ‘प्रोफेशनल चिल्ड्रेन्स स्कूल’ ही खाजगी शाळा निघाली. नाटकांत कामे करणाऱ्या मुलांना तालमी आणि प्रयोग सांभाळून गणित, भाषा, इतिहास शिकता यावा, एवढाच तिचा हेतू होता. दौऱ्यावर गेलेल्या मुलांना धडे टपालाने पाठविण्याची सोय तिने केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही शाळा अभिनय शिकवीत नव्हती. अभिनय मूल कामावर शिकत होते, आणि कामामुळे जे बुडत होते तेवढे शाळा भरून देत होती. म्हणजे कला आणि विद्या यांचा संसार दोन स्वतंत्र घरांत चालला होता.

दुसरा टप्पा १९३६ चा. शहराचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया हे लष्करी बँडमास्तरांचे पुत्र. त्यांच्या प्रेरणेने १ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘हायस्कूल ऑफ म्यूझिक अँड आर्ट’ सुरू झाले. आर्थिक मंदीच्या काळात, सार्वजनिक पैशाने, संगीत व चित्रकला यांत गती असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढणे ही लहान गोष्ट नव्हती. मात्र या शाळेचे स्वरूप उच्च शिक्षणाची तयारी करून देणाऱ्या शाळेचे होते. सुसंस्कृत नागरिक घडविणे हे तिचे ध्येय. कमावता वादक घडविणे हे नव्हे. नाट्य आणि नृत्य यांना तिच्यात स्थान नव्हते. ते मिळण्यास आणखी बारा वर्षे जावी लागली, आणि मिळाले तेही निराळ्या दाराने.

३

ते दार धंदेशिक्षणाचे होते. १९१७ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने कायदा करून माध्यमिक स्तरावरील धंदेशिक्षणास अनुदान देण्यास आरंभ केला. पोटासाठी लवकर कामाला लागणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ शाळाही याच सुमारास वाढल्या. फ्रँकलिन केलर हे या क्षेत्रातील शिक्षक. कामकरी मुलांच्या दिवसशाळांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोपॉलिटन व्होकेशनल हायस्कूल’चे मुख्याध्यापक झाले. या शाळेची शाखा म्हणून १९४७ मध्ये त्यांनी नव्या शाळेची स्थापना केली, आणि १९४८ मध्ये शेहेचाळिसाव्या रस्त्यावरील १२० क्रमांकाच्या इमारतीत ती भरू लागली. इमारत जुनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राथमिक शाळेसाठी बांधलेली होती. परंतु तिची जागा मोलाची होती. ब्रॉडवेची नाटकगृहे तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होती.

केलर यांच्या कल्पनेतील धाडस आज सहजासहजी लक्षात येत नाही. सुतार, छपाई-कामगार किंवा यंत्रकारागीर यांचे शिक्षण ही जर समाजाची जबाबदारी असेल, तर नट, नर्तक आणि वादक यांचे का नसावे, असा हा प्रश्न होता. येथे कलेला उच्चासनावर बसविलेले नाही. उलट तिला कारागिरीच्या बाकावर आणून बसविले आहे. आणि त्यामुळेच तिला सरकारी शाळेत प्रवेश मिळाला. ज्याला आपण प्रतिष्ठेतील घट म्हणू, ती व्यवहारात लाभदायक ठरली.

या उगमाचे तीन परिणाम झाले. पहिला परिणाम दिवसाच्या विभागणीत दिसतो. अर्धा दिवस सर्वसाधारण शालेय विषय आणि अर्धा दिवस कलेचे शिक्षण, ही धंदेशिक्षणातील पद्धती येथे तशीच आली. नाट्यविभागातील मुलाला अभिनय, आवाज व उच्चार, शरीरसाधना हे विषय ठरलेल्या तासाला, रोज करावे लागत. स्फूर्ती आली म्हणून करावयाची ही गोष्ट नव्हती. दुसरा परिणाम शिक्षकांच्या बाबतीत. धंदेशिक्षणात शिक्षकाचा प्रत्यक्ष अनुभव ही त्याची पात्रता मानली जाते. त्यामुळे या शाळेच्या वर्गांत प्रत्यक्ष रंगभूमीवर वावरणारी माणसे येऊ शकली. सिडने लुमेट यांनी चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नाव मिळविण्यापूर्वी येथे नाट्यशिक्षक म्हणून काम केले. रॉबर्ट जॉफ्री यांनी १९५६ मध्ये स्वतःचा बॅलेसंघ काढण्यापूर्वी येथे नृत्य शिकविले. लुमेट यांचे उदाहरण तर या साऱ्या इतिहासाचे सार सांगणारे आहे. त्यांचे वडील यिडिश रंगभूमीवरील नट. लुमेट स्वतः लहानपणीच रंगमंचावर आले आणि ‘प्रोफेशनल चिल्ड्रेन्स स्कूल’मध्ये शिकले. ज्याला कला घरी आणि मंचावर, आणि विद्या मात्र दुसरीकडे मिळाली, तोच पुढे दोन्ही एका छपराखाली देणाऱ्या शाळेत शिक्षक झाला.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. नाटकवाल्या घरात न जन्मलेल्या आणि खाजगी शिकवणीचे पैसे नसलेल्या मुलाला या धंद्यात शिरण्याचा एक उघड, नियमबद्ध मार्ग प्राप्त झाला. कसोटी द्यावी, उत्तीर्ण व्हावे, शुल्क न देता शिकावे. लुमेटना वडिलांमुळे जे मिळाले, ते ब्रॉन्क्समधील किंवा हार्लेममधील मुलाला अर्ज करून मिळू लागले.

शाळेच्या नावाविषयीही दोन शब्द लिहिणे भाषाभ्यासकास आवश्यक वाटते. ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ या संज्ञेने नट, नर्तक व वादक यांना एका वर्गात आणले. त्यांचे साम्य रसात किंवा विषयात नाही. ते प्रेक्षकांपुढे प्रत्यक्ष करून दाखविण्याच्या कृतीत आहे. मराठीत यासाठी ‘प्रयोग’ हा शब्द आधीपासून आहे. विशेष म्हणजे तोच शब्द आपण विज्ञानातील चाचणीसाठीही वापरतो. जे प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करून दाखवावे लागते, तो प्रयोग. केलर यांच्या शाळेचे तत्त्व या एका शब्दात मावते.

४

आता वाणीचा विचार करू. नाट्यशिक्षणात ‘आवाज व उच्चार’ हा विषय निरुपद्रवी दिसतो. वस्तुतः मुलाच्या सामाजिक जीवनावर सर्वांत खोल हात घालणारा विषय तोच होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन नाट्यशिक्षणात एक प्रमाणित मंचभाषा रूढ झाली होती. तिचे मूळ बव्हंशी विल्यम टिली यांच्या ध्वनिशास्त्रविषयक अध्यापनात आहे. टिली मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९१८ पासून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवीत होते. त्यांच्या परंपरेतील ईडिथ स्किनर यांचे ‘स्पीक विथ डिस्टिंक्शन’ हे पाठ्यपुस्तक १९४२ मध्ये निघाले आणि अनेक नाट्यविद्यालयांत प्रमाण मानले गेले. या मंचभाषेत व्यंजनापूर्वीचा आणि शब्दान्तीचा ‘र’ उच्चारला जात नसे. इंग्लंडमधील प्रतिष्ठित उच्चाराशी तिचे नाते उघड होते.

ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये विशेष गुंतागुंतीची ठरली. कारण त्या शहराच्या सामान्य बोलीतही हा ‘र’ लोपलेला होता. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये शहरातील तीन दुकानांत केलेल्या आणि १९६६ च्या ग्रंथात विस्ताराने मांडलेल्या पाहणीने हे दाखविले, की दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील प्रतिष्ठेचा निकष उलटला. ‘र’ उच्चारणे हे वरच्या वर्गाचे आणि न उच्चारणे हे खालच्या वर्गाचे लक्षण बनू लागले. उंची दुकानातील विक्रेते ‘र’ अधिक उच्चारीत, स्वस्त दुकानातील कमी. म्हणजे ज्या वर्षांत ही शाळा उघडली, नेमक्या त्याच वर्षांत शहराचे कान बदलत होते. कालपर्यंत रंगमंचावर आदर्श मानला गेलेला उच्चार रस्त्यावर आपली प्रतिष्ठा गमावीत होता.

याच सुमारास रंगमंचही बदलत होता. १९४७ मध्ये ‘ॲक्टर्स स्टुडिओ’ स्थापन झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चा ब्रॉडवेवर पहिला प्रयोग झाला, आणि मार्लन ब्रँडो यांच्या स्टॅन्लीने शहरी कामगाराची वाणी प्रमुख पात्राच्या मुखी आणून बसविली. तेव्हा मुलाच्या घरच्या बोलीकडे शाळेने दोष म्हणून पाहावयाचे की भांडवल म्हणून, हा प्रश्न निर्माण झाला. ज्यांच्या घरी इटालियन, यिडिश किंवा स्पॅनिश बोलली जात होती, अशा मुलांना प्रमाण उच्चार शिकविणे म्हणजे त्यांना अनेक भूमिकांचे दार उघडून देणे होते. परंतु त्याच शिक्षणाने आपली मूळ वाणी ही पुसून टाकावयाची वस्तू आहे, असेही मुलाच्या मनावर ठसू शकते. उच्चारशिक्षण भर घालणारे असावे, वजाबाकी करणारे नसावे, हा आज सर्वमान्य असलेला विचार त्या काळी नवीन होता.

५

शाळेच्या परिणामांविषयी काही व्यक्तींची उदाहरणे तपासू. ती निवडताना यशाबरोबर विसंगतीही दिसेल, अशी दक्षता घेतली आहे.

आर्थर मिचेल यांचा जन्म १९३४ मध्ये हार्लेममध्ये झाला. ते १९५२ मध्ये या शाळेतून उत्तीर्ण झाले. बॅलेच्या उच्च शिक्षणासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. १९५४ मध्ये ते ब्रॉडवेवरील ‘हाउस ऑफ फ्लॉवर्स’ या संगीतिकेत होते, आणि १९५५ मध्ये ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’त दाखल झाले. तेथे प्रमुख नर्तकाच्या स्थानी पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत. १९६९ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये नृत्यशाळा व संघ काढला. शाळेतून मिळालेली संधी त्यांनी पुन्हा शाळेच्याच रूपाने परत केली. केलर यांच्या कल्पनेचे याहून सरळ उदाहरण सापडणे कठीण.

ॲल पचिनो यांचे उदाहरण उलट दिशेचे. जन्म १९४०, बालपण साऊथ ब्रॉन्क्समध्ये. या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला, पण सतराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी शाळा सोडली. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. निरोप्या, नाटकगृहातील द्वारपाल, झाडलोट करणारा अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. त्यांचे पुढील शिक्षण ‘एच. बी. स्टुडिओ’त आणि १९६६ पासून ‘ॲक्टर्स स्टुडिओ’त झाले. १९६९ मध्ये त्यांना पहिले टोनी पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव शाळेच्या यादीत असते. परंतु शाळेने त्यांना घडविले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. यातून निघणारा निष्कर्ष असा, की विनाशुल्क शिक्षण म्हणजे विनाखर्चाचे शिक्षण नव्हे. ज्या घराला मुलाच्या मिळकतीची गरज आहे, त्या घरी चार वर्षांचा वेळ हाच मोठा खर्च असतो. कामकरी मुलांसाठी अर्धवेळ शाळांचा विचार ज्या चळवळीने केला, तिच्यातूनच निघालेल्या शाळेतून असा मुलगा गळावा, हे या इतिहासातील दुःखद वास्तव आहे.

तिसरे उदाहरण प्रिसिला लोपेझ यांचे. त्या ब्रॉन्क्समधील, पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबातील, आणि याच शाळेच्या विद्यार्थिनी. जानेवारी १९७४ मध्ये दिग्दर्शक मायकेल बेनेट यांनी काही नर्तक-नर्तकींना एकत्र बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यांतून ‘अ कोरस लाइन’ ही १९७५ ची संगीतिका उभी राहिली. तिच्यातील डायना मोरालेस हे पात्र बव्हंशी लोपेझ यांच्या अनुभवांवर आधारलेले असून ती भूमिका त्यांनीच केली. या पात्राच्या एका गीतात नाट्यवर्गाची आठवण आहे. कल्पनेने बर्फावरील घसरगाडीचा अनुभव घ्या, असे शिक्षक सांगतात. इतरांना थंडी वाजते, वारा लागतो. हिला काहीच जाणवत नाही. ती तसे प्रामाणिकपणे सांगते आणि उपहासाला पात्र होते. गीत म्हणजे दस्तऐवज नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. त्यात एका बाजूचीच साक्ष आहे, आणि तीही रंगमंचासाठी सजविलेली. तथापि त्यात शिक्षणशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे. अंतःकरणातील अनुभूती हा वर्गातील विषय झाला, की तिला गुण द्यावे लागतात. आणि गुण देणे आले, म्हणजे अनुभूतीचा देखावा करणाऱ्यास लाभ होतो. सुताराच्या सांध्याची परीक्षा घेता येते, उच्चाराचीही येते. संवेदनेची कशी घ्यावी? धंदेशिक्षणाचे माप येथे अपुरे पडते. लोपेझ यांना पुढे १९८० मध्ये टोनी पारितोषिक मिळाले. ज्या वर्गात ‘काहीच नाही’ असे उत्तर त्यांनी दिले, तो वर्गच त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेचे द्रव्य ठरला.

तुलनेसाठी आणखी एक नाव घेतो. डायहॅन कॅरोल यांना १९६२ मध्ये ‘नो स्ट्रिंग्ज’ या संगीतिकेसाठी टोनी पारितोषिक मिळाले. त्या शिकल्या ‘म्यूझिक अँड आर्ट’मध्ये, म्हणजे जेथे नाट्यविभाग नव्हता त्या शाळेत. तेव्हा नाट्यविभाग असणे ही रंगभूमीवरील यशाची अटही नव्हे आणि हमीही नव्हे.

६

आपल्या वाचकांस येथे मराठी नाटक मंडळ्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. केशवराव भोसले अगदी लहान वयात स्वदेश हितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि १९०८ मध्ये, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, त्यांनी ललितकलादर्श काढली. दीनानाथ मंगेशकर किशोरवयात किर्लोस्कर मंडळीत आले. तालीममास्तरांच्या हाताखाली गायन, गद्य, अंगविक्षेप यांचे जे कसून शिक्षण तेथे मिळे, ते कोणत्याही कलाशाळेस भूषण ठरावे. तथापि बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या या मुलांची शालेय विद्या राहून जाई, आणि आवाज फुटल्यावर मागे परतण्यास वाट उरत नसे. न्यूयॉर्कच्या शाळेतील सकाळच्या गणिताच्या तासाचे मोल या तुलनेने कळते. नट होऊ न शकलेल्या मुलाच्या हाती तेथे निदान शालान्त प्रमाणपत्र असे. शाळेचे हे कार्य कोणत्याही यादीत येत नाही. परंतु संख्येच्या दृष्टीने तेच अधिक मोठे असले पाहिजे.

७

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १९६१ मध्ये ‘म्यूझिक अँड आर्ट’ व ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ या दोन्ही शाळा एका प्रशासनाखाली आल्या. १९८० मध्ये ॲलन पार्कर यांच्या ‘फेम’ चित्रपटाने शाळेला जगभर प्रसिद्धी दिली, जरी शहराच्या शिक्षण मंडळाने प्रत्यक्ष शाळेत चित्रीकरणास अनुमती नाकारली होती. १९८४ मध्ये दोन्ही शाळा लिंकन सेंटरजवळच्या नव्या इमारतीत एकत्र आल्या आणि त्यांस ला गार्डिया यांचे नाव मिळाले. शेहेचाळिसाव्या रस्त्यावरील जुन्या वास्तूला १९८८ मध्ये आग लागली. तिची पुनर्बांधणी होऊन तेथे दुसरी शाळा भरू लागली. दरम्यान ह्यूस्टन येथे १९७१ मध्ये, वॉशिंग्टन येथे १९७४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये क्रॉयडन येथे १९९१ मध्ये, अशा शाळांचा प्रसार झाला.

या विलीनीकरणाने दोन निरनिराळ्या वंशांच्या संस्था एकत्र आल्या. एक उच्च शिक्षणाकडे नेणारी, दुसरी धंद्याकडे. त्यांतील ताण मिटला नाही. २०१९ मध्ये या शाळेच्या विद्यार्थ्यांनी धरणे धरले, ते शालेय गुणांना कलेपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, या तक्रारीवरून. वरवर हा एका प्रशासनाशी झालेला तंटा दिसतो. वस्तुतः तो १९३६ आणि १९४८ या दोन वर्षांमधील जुनाच वाद होय. प्रवेशासाठी शालेय गुणांची अट कडक झाली, की जिच्यासाठी केलर यांनी दार उघडले होते, ती मुले प्रथम बाहेर राहतात. उलट सकाळचा अर्धा दिवस कमी केला, तर मूल पुन्हा नाटक मंडळीतील उमेदवाराच्या स्थितीस जाते.

सारांश, माध्यमिक कलाशाळा प्रतिभा निर्माण करीत नाही. तसा दावा तिने करूही नये. ती नियमित सरावाची सवय लावते, धंद्यातील जाणत्या माणसांशी लवकर गाठ घालून देते, वाणीची कक्षा वाढविते, आणि अपयश आल्यास परतण्याची वाट मोकळी ठेवते. यांतील प्रत्येक गोष्ट दिवसाचे दोन्ही अर्धे भाग शाबूत राहिले तरच शक्य होते. आपल्या विद्यापीठांतून नाट्यशिक्षणाचा विचार बहुधा पदवीनंतरच्या अभ्यासक्रमापासून आरंभिला जातो. चौदाव्या वर्षी ज्या मुलाला निवड करावी लागते, आणि पचिनोंप्रमाणे कदाचित सोडूनही द्यावी लागते, त्याचा विचार त्या आधी व्हावयास हवा, एवढेच या इतिहासावरून सुचवावेसे वाटते.